कार्पेट ओलं, बिल कोणाचं?

रात्रभर पाऊस पडलेला असतो. सकाळी गाडीत बसताना बूट कार्पेटवर टेकतो आणि 'पचक' असा आवाज येतो. मॅट उचलून बघावं तर खाली डबकं. काच उघडी राहिली होती का, यावर घरात पाच मिनिटं वाद होतो, मग कोणीतरी म्हणतं, गाडी वॉरंटीत आहे ना, शोरूमवाला बघेल. शोरूममध्ये उत्तर मिळतं, "सर, पाण्याचं वॉरंटीत येत नाही, इन्शुरन्समध्ये टाका." इन्शुरन्सवाला म्हणतो, "भाऊ, हे तर लीकेज आहे. कंपनीले सांगा."

दोघंही आपापल्या जागी अर्धं खरं बोलत असतात. 'गाडीत पाणी आलं' एवढ्यावरून बिल कोणाचं हे सांगताच येत नाही. ते पाणी कोणत्या वाटेनं आलं, यावर सगळं ठरतं. सनरूफची नळी कारखान्यातच नीट बसवली नसेल तर कंपनीचं काम. त्याच नळीत कडुनिंबाची पानं अडकली असतील तर बहुधा तुमचा खिसा. नागपुरात नरेंद्रनगरच्या अंडरपासमध्ये साचलेलं पाणी दारातून शिरलं असेल तर विमा. आणि गेल्या महिन्यात बाहेरून समोरची काच बदलली असेल, तर ती बसवणाऱ्याचं दार ठोठवा. ओलं कार्पेट चारही वेळा सारखंच दिसतं. म्हणून पैशांचं बोलणं नंतर. आधी वाट शोधा आणि ती कागदावर घ्या.

वॉरंटीचं पुस्तक काय म्हणतं

वॉरंटी ही गाडी बनवणाऱ्या कंपनीनं दिलेली मर्यादित हमी असते: भागाच्या मालात किंवा जोडणीत दोष निघाला, तर ठरलेल्या मुदतीत तो दुरुस्त करून किंवा बदलून देऊ. मुदत कंपनीप्रमाणे वेगळी. मारुतीनं जुलै २०२४ मध्ये आपली नेहमीची वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. मुदत कितीही असो, हमी दोषाची आहे, नुकसानाची नाही. पूर, वादळ, अपघात, चुकीचा वापर, बाहेरून केलेली वायरिंग, चुकवलेल्या सर्व्हिसिंग हे सगळं त्याच पुस्तकाच्या मागच्या पानांवर वगळलेलं असतं. रबर, बीडिंग (दार-काचेभोवतीची पट्टी), वायपर अशा वस्तू पुष्कळदा 'झिजणारे भाग' म्हणून वेगळ्या काढलेल्या असतात, किंवा त्यांना कमी मुदत असते. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली म्हणून निर्धास्त होऊ नका. तिच्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि विजेचे भाग ठळक अक्षरात असतात. कार्पेट, सीटचं कापड, बीडिंग शोधायला गेलात तर बहुधा 'समाविष्ट नाही'च्या यादीत सापडतील.

इथे शोरूमची अडचणही समजून घ्यायला हवी. वॉरंटी कंपनीची, काम करणारा डीलर. डीलर भाग बदलतो आणि ते पैसे कंपनीकडून मागतो. कंपनीनं दावा नाकारला तर तो भुर्दंड त्याच्यावर. त्यामुळे 'दोष' ठामपणे दाखवता येत नसेल, तर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आधी 'नाही' म्हणून मोकळा होतो. त्याच्याशी आवाज चढवून उपयोग नाही. त्याला कंपनीकडे पाठवता येईल असा पुरावा तुम्ही हातात द्या, म्हणजे तोच तुमच्या बाजूनं मेल लिहील.

पाणी येतं कुठून

सनरूफपासून सुरू करतो, कारण आता दहा-बारा लाखांच्या गाडीलाही सनरूफ हवंच असतं. सनरूफची काच पाणी शंभर टक्के अडवत नाही, आणि तिनं तसं करावं अशी तिची रचनाही नाही. बीडिंगमधून थोडं पाणी आत येतंच. ते चौकटीतल्या पन्हाळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली उतरतं. पुढच्या नळ्या समोरच्या काचेशेजारच्या खांबांतून जातात, मागच्या मागल्या खांबांतून. नळी चोंदली किंवा सांध्यातून निसटली की पन्हाळ भरते आणि पाणी छताच्या कापडावरून आत येतं. खूण ओळखीची आहे: खांबाजवळ छताला चहासारखा पिवळट डाग, आणि त्याच बाजूचं पुढचं कार्पेट ओलं.

तपासणी घरीच होते. सनरूफ उघडा, पन्हाळीच्या पुढच्या कोपऱ्यात छिद्र दिसेल, तिथे अर्धा मग पाणी हळूहळू ओता. काही क्षणांत ते पुढच्या चाकाच्या आसपास जमिनीवर पडलं पाहिजे. पन्हाळीत तसंच उभं राहिलं तर नळी चोंदली. नाहीसं झालं, पण खाली पडलं नाही, तर ते गाडीतच कुठेतरी गेलं, म्हणजे नळी निसटली असण्याची शक्यता मोठी. पहिली गोष्ट देखभालीत मोडते, दुसरी जोडणीच्या दोषात. हा फरक मोबाइलवर व्हिडिओत घ्या. आणि कोणी कॉम्प्रेसरची हवा मारून नळी साफ करतो म्हटलं तर थांबवा. जोराच्या हवेनं चांगली नळीही सांध्यातून सुटते, आणि मग दोष कारखान्याचा की हवा मारणाऱ्याचा, हे कुणीच सिद्ध करू शकत नाही.

चोंदलेल्या नळीबद्दल माझं एक वेगळं मत आहे. सगळ्या सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी झालेल्या असतील, आणि देखभालीच्या तक्त्यात सनरूफच्या नळ्या साफ करायचा उल्लेखच नसेल, तर 'मालकानं निगा राखली नाही' हे कारण कच्चं आहे. निगा राखायची हे मालकाला सांगितलं कोणी? तक्त्याच्या त्या पानाचा फोटो काढून हा प्रश्न लेखी विचारा. दर वेळी काम होईल असं नाही, पण 'गुडविल' म्हणून मजुरी किंवा भागांचा काही वाटा कंपनी उचलते, तो अशाच प्रश्नांमुळे.

दुसरी वाट वायपरखालच्या जाळीची. सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ, धरमपेठ अशा भागांत गाडी झाडाखाली उभी असते. कडुनिंबाच्या काड्या आणि गुलमोहराच्या बारीक पाकळ्या बॉनेट आणि काचेच्या फटीतून खाली जमतात, पहिल्या पावसात त्यांचा लगदा होतो आणि तिथली निचऱ्याची तोंडं बंद होतात. एसीला बाहेरची हवा मिळते तीही याच भागातून. पाणी साचून वर चढलं की ते ब्लोअरच्या तोंडातून थेट डाव्या सीटच्या पायाशी येतं. हा कचरा तुमचाच. यात वॉरंटीवाल्याशी भांडू नका.

आणि सगळ्यात फसवी वाट एसीची. एसी हवेतली वाफ थंड करून तिचं पाणी करतो आणि एका नळीनं गाडीखाली टाकतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे असतो, पण हवा इतकी कोरडी की नळीतून थेंब थेंबच पडतो. नळी अर्धी चोंदली असली तरी कळत नाही. जुलैत हवा दमट झाली की तोच एसी भरपूर पाणी काढतो, नळीला ते झेपत नाही, आणि डाव्या बाजूचं कार्पेट भिजतं. बाहेर पाऊस चालूच असतो, त्यामुळे सगळे पावसालाच दोष देतात, काचेचं सीलिंग तपासतात, बीडिंग बदलतात, आणि पाणी येतच राहतं. ओळखायचं कसं? गाडी छपराखाली उभी असताना, कोरड्या दिवशी, अर्धा तास एसी चालवून बघा. गाडीखाली पाणी पडत नसेल आणि आत ओल वाढत असेल, तर पावसाचा काही संबंध नाही. नळी धुळीनं चोंदली तर साफसफाईचे पैसे तुम्हीच द्यायचे. नळी मुळात नीट बसलेली नव्हती किंवा पिळली गेली होती, तर तो जोडणीचा दोष. ओल बोटांना तेलकट लागत असेल आणि वास गोडसर येत असेल, तर ते पाणी नाहीच. हीटरमधून कूलंट गळतंय, आणि ते वॉरंटीच्या मुदतीत झालं तर वॉरंटीचा दावा जोरदार आहे.

दारांच्या आतही पाणी रोजच जातं. काचेवरून ओघळतं, दाराच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडतं. दाराचं पॅनल आणि पत्रा यांच्यामध्ये एक प्लास्टिकचा पडदा काळ्या चिकट गोंदानं चिकटवलेला असतो, तो हे पाणी आत येऊ देत नाही. डेकोरवाल्यानं स्पीकर बदलताना पॅनल काढलं, पडदा फाडला किंवा नुसता दाबून ठेवला, की पुढच्या पावसात दाराशेजारचं कार्पेट ओलं. पॅनल कधीच निघालेलं नसेल आणि तरीही गोंद सुटला असेल, तर दोष कंपनीचा.

बाहेर बसवलेल्या सामानाचा वाद सगळ्यात जास्त चिघळतो. मोठा हॉर्न, फॉग लॅम्प, सेंट्रल लॉक, डॅशकॅम यांच्या वायरी आत न्यायला इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातल्या रबरी ग्रोमेटला (वायरीभोवतीच्या बुचाला) भोक पाडतात. काम पाच मिनिटांचं, पण पाण्याला कायमचा दरवाजा. वर कंपनीला वॉरंटी नाकारायला छापील कारण. यात कंपनीची बाजू बरोबर आहे, पण एका मर्यादेतच. डाव्या पायाशी ग्रोमेट फाटलेलं आहे म्हणून मागच्या दिव्याच्या गॅस्केटमधून डिक्कीत आलेलं पाणीही 'बाहेरच्या वायरिंगमुळे' असं कोणी लिहीत असेल, तर दोन्हींचा संबंध दाखवायला सांगा. आणि तेच सामान शोरूमनं, पावती देऊन बसवलं असेल, तर भोक पाडणारा हात शोरूमचाच आहे. ती पावती जपून ठेवा.

वरून वाळलं म्हणजे वाळलं नाही

कार्पेटखाली नमदा किंवा फोमचा जाड थर असतो, तो पाणी धरून ठेवतो. वरचं कापड दोन दिवसांत कोरडं होतं, खाली आठवडाभरानंतरही दाबलं की पाणी निघतं. 'इंटिरिअर क्लीनिंग' नावाचं पॅकेज देऊ करतात ते बहुधा वरवरचं. सीट काढून, कार्पेट उचलून, खालचा थर वाळवल्याशिवाय वास जात नाही. खरी भीती वासाची नाहीच. वायरिंगचे जाडजूड गठ्ठे दाराच्या उंबऱ्याजवळून आणि सीटखालून जातात. पुढच्या सीटखाली पिवळे कपलर (वायरींचे जोड) दिसतील, ते एअरबॅग आणि सीटबेल्टचे. त्यांना हात लावू नका. कपलरच्या पिनांवर आधी हिरवट बुरशीसारखा थर येतो, मग संपर्क तुटतो. एअरबॅगचा दिवा कधीकधी पाणी शिरल्यावर दोन-दोन महिन्यांनी लागतो. तोवर पाणी शिरल्याची नोंद कुठेच नसेल, तर नवा बिघाड त्या पाण्याशी जोडणं कठीण.

विमा कधी, आणि किती

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठचे भाग आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीसारख्या वस्त्या पाण्यात गेल्या. त्या रात्री उभ्या गाड्यांत शिरलेल्या पाण्याचा वॉरंटीशी काही संबंध नव्हता. तो सरळ विम्याचा विषय, पण पॉलिसीत 'ओन डॅमेज' (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) भाग असेल तरच. नुसत्या थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) पॉलिसीत स्वतःच्या गाडीला एक रुपया मिळत नाही.

इथे एक खड्डा आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी पॉलिसी सक्तीची झाली, पण बरोबर मिळणारं ओन डॅमेज बहुधा एकाच वर्षाचं असतं. दुसऱ्या वर्षी वाहतूक पोलिसानं कागद मागितले तर पॉलिसी वैध असते, मालकही निवांत असतो, आणि गाडी बुडाल्यावर कळतं की पुराचा भाग कधीच संपला. पॉलिसीवर दोन तारखा असतात. दोन्ही बघा.

पैसे किती मिळतात, याचं गणित नीट करून बघू. समजा साडेतीन वर्षांच्या, १५०० सीसीच्या आतल्या गाडीचं केबिनचं बिल ६०,००० झालं: ३०,००० चे प्लास्टिक-रबरचे भाग, २०,००० चे इतर भाग, १०,००० मजुरी. नेहमीच्या पॉलिसीत प्लास्टिक-रबरवर घसारा (जुनेपणामुळे कापलेली किंमत) ५० टक्के, म्हणजे १५,००० मिळतील. इतर भागांवर तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, म्हणजे पुन्हा १५,०००. मजुरी पूर्ण. बेरीज ४०,०००, त्यातून सक्तीची वजावट १,००० गेली, हातात ३९,०००. जीएसटीचा हिशेब सोडला तरी २१,००० तुमचे. वर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ३५ टक्क्यांवर पोहोचला असेल तर तोही पुढच्या नूतनीकरणाला शून्य. झिरो डेप घेतलेलं असेल तर घसाऱ्याची कपात होत नाही. बिल लहान असेल तर क्लेम न केलेलाच बरा, हे या हिशेबातूनच कळतं.

अंडरपासमध्ये गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही; सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात उभ्या गाडीचं केबिन विमा कंपनी भरून देईल, पण हे इंजिन 'परिणामी नुकसान' (मूळ घटनेनंतर ओढवलेलं) म्हणून नाकारेल. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं ॲड-ऑन असतं. गाडी ढकलून किंवा टोइंग करून बाहेर काढा, आणि जमलं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा.

हळूहळू झिरपणाऱ्या पाण्याला मात्र विमा नाही. ती झीज आणि जुनेपणा मानली जाते. एखाद्या घटनेची तारीख सांगता येत नसेल, तर विम्यावर भिस्त ठेवू नका.

जॉब कार्डवर काय हवं

शोरूमच्या जॉब कार्डवर (गाडी दुरुस्तीला घेताना भरतात त्या कागदावर) 'वॉटर लीकेज चेक' एवढे तीन शब्द लिहून देतात, आणि संध्याकाळी 'चेक केलं, ओके' म्हणून गाडी परत. असं कार्ड तुमच्या विरुद्धच पुरावा होतं. गाडी देतानाच लिहून घ्या: पुढचं डावं कार्पेट खालच्या थरापर्यंत ओलं, छताला डाव्या खांबाजवळ डाग, गाडी उघड्यावर उभी होती, काचा आणि सनरूफ बंद, बाहेरचं सामान बसवलेलं नाही (किंवा काय बसवलंय ते). सही त्यांची, फोटो तुमचे. आणि वाळवायच्या आधी. दोन दिवस दारं उघडी ठेवून, उन्हात वाळवून मग गाडी नेली, तर तपासायला काही उरतच नाही.

पाण्याची टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा. पॅनल काढलेलं हवं, एक जण टॉर्च घेऊन आत, एक जण बाहेर पाइप घेऊन. पाणी खालून वर मारत जायचं: आधी दाराचा तळ, मग काचेची खालची कड, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर सगळीकडूनच ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. जागा सापडली की कार्डावर कारण शब्दांत हवं: 'नळी सांध्यातून सुटलेली' किंवा 'नळीत पानं'. या मॉडेलसाठी कंपनीचं काही सर्व्हिस बुलेटिन आहे का, हेही विचारा. एकच दोष बऱ्याच गाड्यांत निघाला की कंपनी डीलरांना तशी सूचना पाठवते.

कंपनीनं लीकेज मान्य केलं, पण भिजलेलं कार्पेट किंवा कपलर द्यायला 'परिणामी नुकसान बसत नाही' म्हणून नकार दिला, तर वॉरंटीतलं ते कलम स्वतः वाचा. त्यात पुष्कळदा वाया गेलेला वेळ, भाड्याची गाडी, बुडालेली कमाई असे शब्द असतात. दोषी भागानं गाडीचाच दुसरा भाग बिघडवला, ही गोष्ट वेगळी आहे, आणि तो मुद्दा लेखी मांडण्यासारखा आहे.

डीलरकडून उत्तर नाही आलं, तर कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, नागपूरच्या माणसाला नागपुरातच दाद मागता येते. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जायचं. फी ५ ते १० लाखांच्या गाडीला २०० रुपये, १० ते २० लाखांच्या गाडीला ४००. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आयोगासमोर उत्पादनाचा दोष तुम्हाला दाखवावा लागतो, आणि तिथे बहुधा तज्ज्ञाचा अहवाल मागतात, म्हणून कार्पेट बदलून टाकण्याआधी एखाद्या स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून लेखी तपासणी करून घ्या, आणि काढलेले जुने भाग शोरूममध्ये सोडून येऊ नका.